हिंगणघाटचा कापूसबाजार : रुमालापासून पावतीपर्यंत

आमच्या हिंगणघाट गांवांत एका इंग्रज अंमलदाराची कबर आहे. कर्नल विल्यम लॅम्बटन हें त्याचें नांव. १८०२ सालीं मद्रासजवळ पोलादी सांखळीनें जमीन मोजण्यास ज्यानें प्रारंभ केला, आणि पुढें वीस वर्षें दक्षिणेचें माप घेत जो उत्तरेकडे सरकत आला, तो हा गृहस्थ नागपूरकडे जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं येथें वारला. शाळेंत शिक्षक असतांना मुलांना ही कबर दाखविण्याचा माझा परिपाठ होता. एका वर्षीं चवथींतल्या एका मुलानें मला तेथेंच प्रश्न केला, "गुरुजी, यानें एवढा मोठा देश बरोबर मोजला, मग आमच्या आजोबाचा कापूस बाजारांत कमी कां भरत असे ?"

तें पोर थट्टेनें बोललें नव्हतें. आजोबांनीं तरुणपणीं सोसलेली गोष्ट त्यानें घरीं ऐकली होती. जमीन मोजली गेली म्हणजे तिच्यावर राबणाऱ्याच्या पदरांतही बरोबर माप पडतें असें नाहीं, हें त्याला माझ्या आधीं समजलें होतें. आज मला आपणांशीं याच गोष्टीविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. जो व्यापार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शब्दावर, ओळखीवर आणि रिवाजावर चालत आला, त्याला कायदा, परवाना, पावती व नोंद यांच्या चौकटींत आणलें म्हणजे काय होतें ? कोणाचें भलें होतें, कोणाचें होत नाहीं, आणि कां ?

अशा बिननोंदणीच्या धंद्यांस विद्वान लोक 'अनौपचारिक क्षेत्र' असें म्हणतात. हा शब्द फारसा जुना नाहीं. घाना देशांतील अक्रा शहरीं गोरगरीब कसे पोट भरतात याचा अभ्यास करून कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञानें तो १९७१ सालीं वापरला, आणि दुसऱ्याच वर्षीं केनियासंबंधींच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या अहवालामुळें तो जगभर पसरला. शब्द नवा, पण वस्तु जुनी. तोंडी व्यापाराला कागदाच्या चौकटींत बसविण्याचा प्रयोग आमच्या वणेच्या कांठीं आणि वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाडांत सव्वाशें-दीडशें वर्षें चालूं आहे. त्याचा हिशेब मांडण्यास तेवढा काळ पुरेसा आहे.

प्रथम जुना बाजार डोळ्यांपुढें आणा. दिवाळी झाली, वेचणी सुरू झाली, कीं कास्तकार कापसाची गाडी जुंपून पहांटे निघे आणि अडत्याच्या दारीं ती सोडी. हा अडत्या बहुधा त्याचा सावकारही असे. पेरणीचें बियाणें, आषाढांतली ज्वारी, मुलीच्या लग्नाची रक्कम, सर्व कांहीं त्याच्याच पेढीवरून आलेलें. भाव ठरे तो 'हत्ता' पद्धतीनें. अडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखालीं हातांत हात घालीत व बोटें दाबून आंकडा सांगत. माल ज्याचा, तो कास्तकार शेजारीं उभा राही. पण त्या रुमालाखालीं काय चाललें आहे तें त्याला दिसत नसे व ऐकूंही येत नसे. मग तोल होई. मण गांवोगांव निराळा. मुंबईच्या बाजारांत कापसाची खंडी ७८४ पौंडांची धरीत. खेड्यांतल्या तराजूला त्याची गांठ क्वचितच पडे. तोल झाल्यावर कपात सुरू होई. ओलाव्यापायीं कडता, मग अडत, दलाली, हमाली, तोलाई, भराई. त्यावर धर्मादाय आणि गोरक्षण. पुण्य लागे अडत्याच्या नांवीं आणि पैसा जाई कास्तकाराचा.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होईल. हाच अडत्या मध्यरात्रीं दार ठोठावलें तर पैसे देई. तो तारण मागे, पण कागदपत्रांचें भेंडोळें मागत नसे. पाऊस चुकला तर वसुली पुढल्या हंगामावर ढकली. ही कांहीं दया नव्हती. पुढल्या वर्षींचा कापूस आपल्याच दारीं यावा ही त्यांतली मेख होती. तरी पण गरजवंताला गरजेच्या घटकेला उभा राहणारा माणूस तोच होता. तात्पर्य, तोंडी व्यवहारांत लूट होती तशी सोयही होती, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातून मिळत होत्या. पुढें जे जे कायदे आले त्यांनीं लूट कमी करण्याचा यत्न केला. सोयीची जागा कोण घेणार, याचा विचार मात्र फार थोड्यांनीं केला.

नियम आले ते प्रथम कास्तकारासाठीं आलेच नाहींत. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानची आठवण झाली. १८६७ सालीं रेल्वे नागपुरास पोंचली. हिंगणघाटच्या कापसाचें नांव तोंपर्यंत विलायतेच्या बाजारांत झालें होतें. लांब, मऊ, रेशमासारखा धागा देणारी 'बनी' जातीची ती रुई. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठीं सरकारनें कापूस कमिशनर हा निराळा अधिकारी निर्माण केला. त्या जागेवरील रिव्हेट-कार्नॅक यानें हिंगणघाटचें बियाणें शुद्ध राखण्याची पुष्कळ खटपट केली. त्याच सुमारास, १८६३ सालीं, मुंबई इलाख्यांत कापसांत भेसळ करणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा झाला. या सर्व खटाटोपांत गिऱ्हाईक डोळ्यांपुढें होतें तें लँकेशायरचें.

परिणाम काय झाला ? नांव मोठें झालें आणि नांवामागची वस्तु हळूहळू नाहींशी झाली. बनीचें उत्पन्न कमी, 'जरी' जातीचें अधिक व लौकर हातीं येणारें. धागा मात्र आंखूड. बाजारांत चांगल्या रुईला जो जादा भाव मिळे तो व्यापाऱ्याच्या हातीं राही, कास्तकाराच्या घरीं येत नसे. मग त्यानें बनी कां पेरावी ? त्यानें जरी पेरली. व्यापाऱ्यानें दोन्ही मिसळल्या आणि गांठीवर हिंगणघाटचें नांव घातलें. भेसळीबद्दल कास्तकाराला दोष देणारे तत्कालीन लेख पुष्कळ आहेत. मला विचाराल तर त्यानें साधा हिशेब केला होता. शुद्ध मालाचें मोल ज्याला मिळत नाहीं, त्याच्याकडून शुद्धतेची अपेक्षा नुसत्या कायद्यानें पुरी होत नाहीं.

या काळांत आणखी एक बदल झाला, आणि त्याची नोंद इतिहासांत फार थोडी आहे. पूर्वीं सरकी काढण्याचें काम घरोघर बायका लांकडी रेच्यावर करीत. तो धंदा कोणत्याही वहींत नव्हता. पण त्यावर चार पैसे घरांत येत. वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले, हिंगणघाटास कापडाच्या गिरण्या निघाल्या, आणि रेचे माळ्यावर जाऊन पडले. कारखान्यांना पुढें १९२५ सालीं जिनिंग-प्रेसिंगचा कायदा लागला व प्रत्येक गांठीवर प्रेसची खूण घालणें आवश्यक झालें. गांठ ओळखूं येऊं लागली. रेच्यावरची बाई मात्र कोणत्याच खुणेंत उरली नाहीं. तिच्यांतील कांहींजणी त्याच कारखान्यांत रोजंदारीनें गेल्या, बाकीच्यांचें काय झालें तें विचारणारा कोणी अंमलदार नेमलेला नव्हता.

आतां बाजाराच्या कायद्यांकडे वळूं. वऱ्हाड त्या वेळीं निजामाच्या मालकीचा पण इंग्रज रेसिडेंटाच्या कारभारांत होता. तेथें कारंजा येथील कापूसबाजार १८८६ सालीं सरकारी हुकमानें नियमबद्ध झाला. आपल्या देशांतील नियंत्रित बाजारांचा हा आरंभ समजतात. १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, दलाल-अडत्यांना परवाने आले, तोलावर देखरेख आली, बाजार चालविण्यास समिति आली. परंतु त्या समितींत बसले कोण ? नगरपालिकेचे प्रतिनिधि आणि कापसाचे व्यापारी. ज्याच्या कापसावर हा सारा डोलारा उभा, त्या कास्तकाराला तेथें खुर्ची नव्हती. बाजाराच्या उत्पन्नांतून जी शिल्लक राही ती शहराच्या कामीं खर्च होई. म्हणजे खेड्यांतून येणाऱ्या गाडीच्या पैशानें शहरांत सोई होत. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशननें १९२८ सालच्या आपल्या अहवालांत या बाजारांची दखल घेतली, त्यांच्यांतील उणिवा दाखविल्या आणि प्रत्येक प्रांतानें असे कायदे करावे अशी शिफारस केली. आमच्या मध्यप्रांतांत १९३२ सालीं कापूसबाजाराचा आणि १९३५ सालीं इतर शेतमालाचा कायदा झाला.

या कायद्यांनीं कास्तकाराचा कांहींच फायदा झाला नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. रुमाल हळूहळू दूर झाला व उघडा लिलांव आला. भाव मोठ्यानें पुकारला जाऊं लागला. गाडीवाल्याला तो ऐकूं येऊं लागला, ही लहान गोष्ट नव्हे. धर्मादायासारख्या मनमानी कपातींना आळा बसला. पुढें १९५६ च्या कायद्यानें व १९५८ पासूनच्या अंमलबजावणीनें दशमान वजनें आलीं आणि गांवोगांवचा निराळा मण इतिहासजमा झाला. त्या मुलाच्या आजोबांचें गाऱ्हाणें अशा रीतीनें पुष्कळ अंशीं दूर झालें. लॅम्बटनच्या मरणानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं कापसालाही एकच माप मिळालें.

परंतु सोयीच्या बाजूला काय झालें पहा. १९३३ सालीं मध्यप्रांतांत कर्जतडजोडीचा आणि १९३४ सालीं सावकारीचा कायदा झाला. सावकारानें हिशेब ठेवावा, ऋणकोला तो द्यावा, ही मागणी रास्तच होती. कर्जाचा बोजा अनेकांचा हलका झाला. पण ज्याला कायद्याची चौकट नको होती त्या सावकारानें एकतर हात आंखडता घेतला किंवा तोच व्यवहार कागदावर निराळ्या नांवानें केला : कर्जाऐवजीं जमिनीचें खरेदीखत, व्याजाऐवजीं कमी भावाचा सौदा. सहकारी पतपेढ्या सर्व गांवीं पोंचल्या नव्हत्या; पोंचल्या तेथें जमीनवाल्यालाच कर्ज मिळे. नियम आला, पण नियमाच्या आंत राहून गरज भागविण्याची वाट आली नाहीं, म्हणजे माणूस नियमाच्या बाहेर जातो. आणि मग बाहेरचा व्यवहार पूर्वींपेक्षां महाग पडतो, कारण त्यांत भीतीचीही किंमत धरलेली असते.

स्वातंत्र्यानंतर १९६३ सालीं महाराष्ट्राचा शेतमाल बाजारांचा कायदा झाला. बाजारसमितींत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींचें बहुमत आलें. १८९७ ची मोठी चूक अशा रीतीनें दुरुस्त झाली, असें वरवर पाहतां दिसतें. तथापि मताचा हक्क मुख्यतः सहकारी सोसायट्या व ग्रामपंचायती यांच्या सदस्यांकडे राहिला. प्रत्येक शेतकऱ्यास मत देण्याची दुरुस्ती २०१७ सालीं झाली आणि थोड्याच वर्षांत ती मागें घेतली गेली. १९६९ सालीं माथाडी-हमालांचा कायदा झाला. पाठीवर बोजे वाहणाऱ्या माणसाचें नांव प्रथमच एका नोंदवहींत आलें आणि त्याच्या मजुरीला व म्हातारपणाला कांहीं आधार मिळाला. नोंदीचा खरा उपयोग कोणता, याचें याहून चांगलें उदाहरण मला सांगतां येणार नाहीं : ज्या नोंदीबरोबर माणसाला कांहीं मिळतें, ती नोंद तो स्वतः होऊन करतो.

उलट बाजूचें उदाहरण १९७२ सालीं सुरू झालेल्या कापूस एकाधिकार योजनेचें. १९७१ च्या कायद्यान्वयें राज्यांतील सर्व कापूस सरकारतर्फें घ्यावयाचा, खाजगी व्यापाऱ्यास तो विकावयाचा नाहीं, असें ठरलें. हेतु उदात्त होता : मधला दलाल काढून टाकावा आणि रुईला मिळणारा भाव कास्तकाराला मिळावा. कांहीं वर्षें भावाचा आधार मिळालाही. परंतु पैसे हप्त्याहप्त्यानें येत, त्यांतून निधीसाठीं कपात होई, आणि घरांत तर लग्न, आजारपण, पेरणी थांबत नसे. शेजारच्या राज्यांत भाव चढला कीं रात्रीं गाड्या सीमेकडे वळत. तो उतरला कीं तिकडचा कापूस इकडे येई. एरवीं सरळमार्गी असलेला कास्तकार स्वतःच्या शेतांतला कापूस चोरासारखा नेऊं लागला. ज्या कायद्यानें त्याला बाजारांत प्रतिष्ठित करावयाचें, त्यानेंच त्याला गुन्हेगार ठरविलें. शेतकरी चळवळीनें याविरुद्ध आवाज उठविला. योजनेचा तोटा वाढत गेला आणि २००२ च्या सुमारास खाजगी खरेदी पुन्हां मोकळी झाली.

आमचाच अनुभव असा विचित्र आहे काय ? नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचे हर्नांडो डी सोटो यांनीं १९८६ सालच्या आपल्या ग्रंथांत एक प्रयोग सांगितला आहे. लिमा शहरांत शिवणकामाचा एक लहानसा कारखाना कायदेशीर रीतीनें नोंदविण्याचें त्यांच्या माणसांनीं ठरविलें; त्यास २८९ दिवस लागले. इतका वेळ ज्याला परवडतो तो गरीब असूंच शकत नाहीं. यावरून त्यांनीं असें अनुमान काढलें कीं, नोंदणी सोपी केली कीं लहान धंदेवाला आपण होऊन आंत येईल. हें अनुमान श्रीलंकेंत पारखून पाहण्यांत आलें, आणि २०१३ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोंदणीची माहिती दिली, तिचा खर्चही परत देऊं केला, तरी धंदेवाले नोंदणीस आले नाहींत. अर्ध्या ते एका महिन्याच्या नफ्याइतकी रक्कम देऊं केली तेव्हां सुमारें एकपंचमांश आले. दोन महिन्यांच्या नफ्याइतकी दिली तेव्हां सुमारें निम्मे आले. पुढें त्यांचा धंदा किती वाढला तें पाहिलें, तर थोड्यांचा पुष्कळ वाढला आणि बहुतेकांचा होता तेथेंच राहिला. पुष्कळांची अडचण फीची नव्हतीच. धंद्याच्या जागेचा कागद त्यांच्या नांवें नव्हता.

श्रोतेहो, हें शेवटचें वाक्य ध्यानांत ठेवा. कारण तें आम्हांला थेट हिंगणघाटास परत आणतें. आज कापसाच्या व्यवहाराचा बराच भाग कागदावर आला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून कास्तकाराकडून घेतलेल्या कापसावरील कर नोंदणीकृत खरेदीदारानें स्वतः भरावयाचा असें ठरलें. त्याआधीं नोव्हेंबर २०१६ मध्यें मोठ्या नोटा रद्द झाल्या तेव्हां ऐन हंगामांत बाजारांतील आवक मंदावली, कारण रोकड हाच या व्यापाराचा श्वास होता. हमीभावाच्या सरकारी खरेदींत सातबारा, आधार आणि बँकेचें खातें लागतें, आणि पैसे सरळ खात्यांत जमा होतात. ज्याच्या नांवें सातबारा आहे त्याला ही सोय मोठी आहे. रुमालाच्या दिवसांची त्याच्याशीं तुलनाच होऊं शकत नाहीं.

पण सातबारा कोणाच्या नांवें आहे ? माझ्या एका विद्यार्थिनीची आई, नवरा वारल्यावर, शेजारच्या गांवीं चार एकर जमीन ठोक्यानें करीत असे. करार तोंडी, मालक शहरांत राहणारा. पेरणी तिची, निंदण तिचें, वेचणी तिची. भाव पडले त्या वर्षीं ती हमीभावाच्या एका केंद्रावर कापूस घेऊन गेली. तेथील माणसानें सभ्यपणानेंच सांगितलें, "बाई, या शेताचा सातबारा तुमच्या नांवें नाहीं." मालकाकडे कागद मागावा तर तो भ्याला, तोंडी कुळ एकदां कागदावर आलें कीं जमीन जाईल अशी भीति विदर्भांत १९५८ च्या कुळकायद्यापासून मुरलेली आहे. कुळाच्या रक्षणासाठीं केलेल्या कायद्यानें कुळाचें नांवच कागदावरून पुसलें गेलें. बाईनें कापूस गांवच्या व्यापाऱ्याला हमीभावाहून कमी दरानें विकला. त्या व्यापाऱ्यानें तिला रोख पैसे तेथल्या तेथें दिले हेंही मला सांगितलें पाहिजे. रुमाल गेला, तरी तिच्यापुरता तो गेला नव्हता. एवढेंच कीं आतां तो कागदाचा झाला होता.

यावरून मी असा निष्कर्ष काढीत नाहीं कीं कागद वाईट आणि तोंडी शब्द चांगला. मी शाळामास्तर, हजेरीपटावर नांव असल्याशिवाय मुलाला पुस्तक मिळत नाहीं हें मला ठाऊक आहे. पण हजेरीपट मुलांसाठीं असतो. नांव नाहीं म्हणून दारांत उभ्या असलेल्या मुलाला परत पाठविणारा मास्तर पटाचा अर्थच समजला नाहीं असें मी म्हणेन. आमच्या बाजाराच्या इतिहासांतून तीन गोष्टी मला दिसतात. नियम कोणासाठीं केला, हें तो नियम चालविणाऱ्या समितींत कोण बसतो यावरून कळतें. जुन्या रिवाजांतली लूट काढतांना त्यांतली सोय कोण पुरविणार, हें आधीं ठरवावें लागतें. आणि ज्या कागदावर नोंद अवलंबून, तो कागद राबणाऱ्याच्या हातीं नसेल, तर नोंद जितकी कडक तितका राबणारा अधिक बाहेर पडतो.

माझ्या त्या विद्यार्थ्याला कबरीपाशीं मीं तेव्हां कांहीं तरी गुळमुळीत उत्तर दिलें होतें. आज तो स्वतः कास्तकार आहे. पुन्हां भेटला तर मी त्याला सांगेन : बाळ, मोजणारा हुशार होता, पण त्याला काय मोजावयाचें तें तुझ्या आजोबांनीं सांगितलेलें नव्हतें. यापुढें माप ठरवितांना आपण तेथें हजर असलें पाहिजे. आणि जातांना त्या ठोक्याच्या शेतावरच्या बाईलाही बरोबर नेलें पाहिजे.